भाताची १ वाटी म्हणजे नक्की किती ग्रॅम? टाइप १ साठी कार्ब मोजायचेत

पिंपळेगुरव_आई

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न साध्या भाताचा आहे पण माझ्यासाठी खूप महत्त्वाचा आहे म्हणून जरा लांबलचक लिहितेय, प्लीज पूर्ण वाचा.

माझी लेक आठ वर्षांची आहे, यंदा मार्चमध्ये तिला टाइप १ डायबेटिस असल्याचं कळलं. आता प्रत्येक जेवणाआधी इन्सुलिन, आणि ते किती द्यायचं ते ताटात कार्ब किती आहेत त्यावर. तिचा दुपारचा रेशो १५ ला १ आहे, म्हणजे १५ ग्रॅम कार्बमागे १ युनिट. पोळीचं जमलं, कणीक वजन करून घेते आणि पोळ्या मोजून लाटते. भाताचं मात्र काही केल्या बसत नाहीये आणि ही पोरगी पक्की भातखाऊ आहे, वरणभात तूप लिंबू नसेल तर जेवलीच नाही असं म्हणते.

आम्हाला मिळालेल्या चार्टवर नुसतं "१ वाटी भात" लिहिलंय, वाटी कुठली केवढी काही नाही. इंटरनेटवर वाचलं की १ कप शिजलेल्या भातात ४५ ग्रॅम कार्ब. मी वाटी म्हणजेच कप धरून चालले. जूनमध्ये एक दिवस आमच्या रोजच्या छोट्या स्टीलच्या वाटीनं भात वाढला, ४५ धरून ३ युनिट दिले, आणि दीड तासाने बघते तर ती सोफ्यावर एकदम गप्प बसलेली, हात गार, कपाळावर घाम. बोट टोचून शुगर बघितली तर ५८, फारच कमी. लगेच ग्लुकोज पावडर पाण्यात दिली, पंधरा मिनिटांनी परत चेक केलं तेव्हा वर आली होती, पण ती पंधरा मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत.

त्यानंतर मी घाबरून वाटीला २८ धरायला लागले. पुण्यात ते बऱ्यापैकी बसलंही. मग गणपतीला मावळात सासरी गेलो. सासूबाईंनी इंद्रायणीचा भात केला, पितळी वाटीनं छान मूद पाडली, वर वरण आणि तूप. एकच वाटी म्हणून मी २८ धरून २ युनिट दिले आणि दोन तासांनी शुगर २९४. म्हणजे एकदा जास्त धरलं, एकदा कमी धरलं, आणि दोन्ही वेळा "एक वाटी"च.

तर विचारायचं असं की शिजलेला भात मिलीवरून ग्रॅममध्ये कसा काढायचा? काही ठरलेला आकडा आहे का? आणि वजन कच्च्या तांदळाचं करायचं का शिजलेल्या भाताचं? घरात काटा आहे, १ ग्रॅमपर्यंत दाखवतो.

---

आकडेमोड

ताई, आधी वाटीचा प्रश्न सोडवा, तो सगळ्यात सोपा आहे. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, टेअरचं बटण दाबून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे मिली, कारण १ मिली पाण्याचं वजन जवळपास १ ग्रॅमच असतं. घरातल्या वाट्या १०० पासून २०० च्या वरपर्यंत कितीही मिलीच्या निघतात. तुम्ही वाचलेला ४५ वाला कप अमेरिकन आहे, तो साधारण २४० मिलीचा असतो. म्हणजे तुमची छोटी वाटी त्याच्या निम्म्याला जरा वर असणार.

आता मिलीवरून ग्रॅम. अमेरिकन शेती खात्याच्या तक्त्यात लांब दाण्याचा शिजलेला पांढरा भात १ कप म्हणजे १५८ ग्रॅम आणि मध्यम दाण्याचा १ कप म्हणजे १८६ ग्रॅम असं दिलंय. २४० ने भागलं की लांब दाण्याचा १ मिलीला ०.६६ ग्रॅम आणि मध्यम दाण्याचा ०.७८ ग्रॅम. कारण सरळ आहे, लांब दाणा मोकळा राहतो, मधे हवा जास्त. चिकट भात एकमेकांत बसतो, हवा कमी, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त वजन मावतं. आणि मूद पाडताना आपण दाबतो तेव्हा उरलेली हवाही निघून जाते.

पण महत्त्वाचं म्हणजे १०० ग्रॅम भातातले कार्ब दोन्हीत जवळपास सारखेच आहेत, २८ आणि २८.५ च्या आसपास. म्हणजे घोळ सगळा वाटीचा आहे, भाताचा नाही. वजन केलंत तर इंद्रायणी काय आणि बासमती काय, नेहमीसारखा शिजवला असेल तर २८ टक्के धरून फार चुकणार नाही.

---

न्यूजर्सीत_मराठी

इथे अमेरिकेत डायबेटिसवाल्यांना शिकवतात ते असं की शिजलेल्या भाताचा १/३ कप म्हणजे १५ ग्रॅम कार्ब. वरच्या आकड्यांशी जुळतंय बघा, १५८ चा तिसरा भाग ५३ ग्रॅम आणि त्याचे २८ टक्के म्हणजे १५ च्या जवळ.

एक गोष्ट नक्की सांगते. इलेक्ट्रिक राइस कुकरबरोबर जो प्लास्टिकचा कप येतो तो हा कप नाही!! तो जपानी मापाचा, १८० मिलीचा असतो, त्यात कच्चा तांदूळ साधारण १५० ग्रॅम बसतो. माझ्या बहिणीने तिकडे कुकर घेतला आणि कितीतरी महिने तोच कप २४० चा समजून वापरत होती. आणि इथल्या तांदळाच्या पिशवीवर सर्व्हिंग १/४ कप, ४५ ग्रॅम असं लिहिलेलं असतं, ते कच्च्या तांदळाचं असतं, शिजल्यावर त्याचा पाऊण कप होतो. कार्ब मोजायच्या ॲपमध्ये पण नुसतं "राइस" निवडलं तर कच्च्याचे आकडे येतात बऱ्याचदा. कच्च्यात १०० ला ७८ आणि शिजलेल्यात २८, जवळजवळ तिप्पट फरक. इन्सुलिन देणाऱ्या माणसासाठी ही चूक फार भयंकर आहे, तेव्हा निवडताना "शिजलेला" आहे का ते दर वेळी बघा.

---

सहा_वर्षं_टाइपवन_बाबा

ताई, तुमचं ५८ वाचून पोटात कालवलं, कारण आमच्याकडे पण पहिल्या वर्षात असंच झालंय. माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. आम्ही काय करतो ते सगळं सांगतो, कंटाळवाणं वाटेल पण आठवड्याभरात हात बसतो.

२८ टक्के हा आकडा बाहेर जेवताना ठीक आहे. घरी मात्र आम्ही आमच्या कुकरचा आकडा काढतो. कार्ब असतात तांदळात, पाण्यात नाही. कुकरला तांदूळ लावला की कार्ब तेवढेच राहतात, पाणी शिरून वजन फक्त वाढतं. म्हणून आधी कच्चा तांदूळ काट्यावर, धुवायच्या आधी. आमच्याकडे २०० ग्रॅम लागतो. त्याला ०.७८ ने गुणायचं, १५६ ग्रॅम कार्ब झाले. हा ०.७८ आपल्याकडचाच आहे, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यात कच्च्या पांढऱ्या तांदळाला १०० ग्रॅमला साधारण ७८ दिलेत.

मग कुकरच्या डब्याचं रिकामं वजन. आमचा डबा ४१२ ग्रॅमचा आहे, हे मी फ्रिजवर कागद लावून ठेवलंय म्हणजे रोज करायला नको. कुकरची वाफ गेली की डबा बाहेर काढून दहा मिनिटं थांबतो, खाली जाड फडकं किंवा पोळपाट ठेवून, गरम डबा थेट काट्यावर ठेवू नका, काटा बिघडतो (फडक्यासकट आधी शून्य करून घ्यायचं). परवाचं सांगतो, भरलेला डबा ९७२ भरला, म्हणजे भात ५६० ग्रॅम. १५६ भागिले ५६० म्हणजे ०.२८. आता ताटात १३० ग्रॅम भात वाढला तर १३० गुणिले ०.२८, साधारण ३६ ग्रॅम कार्ब.

आता हे एवढं कशाला, सरळ २८ का नाही? तर बघा, मुलगा मागच्या महिन्यात तापाने आजारी होता तेव्हा बायकोने त्याच २०० ग्रॅमचा आसट भात केला, पाणी चांगलं सढळ. तो भरला ७६० ग्रॅम. १५६ भागिले ७६० म्हणजे ०.२०५. त्याच १३० ग्रॅममध्ये आता २७ च कार्ब. नेहमीचा आकडा धरला असता तर ९ ग्रॅमचं इन्सुलिन जास्तीचं गेलं असतं, तेही आजारी पोराला. गुरगुट्या भात, खिमट, पेज असलं काही असेल तर नेहमीचा आकडा चालतच नाही, डबाच मोजायचा.

तांदूळ जुना असेल तर तो पाणी जास्त पितो आणि फुलतो जास्त, नवा तांदूळ कमी पाण्यात चिकट होतो. म्हणून आम्ही नवीन पोतं फोडलं की आकडा परत काढतो, मग दोन महिने बघायला लागत नाही. रोज तेवढाच तांदूळ आणि तेवढंच पाणी घातलं की भात पण रोज तसाच होतो.

डोस कमीजास्त करायचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारून. आम्ही पहिला महिनाभर वहीत रोज भाताचे ग्रॅम, कार्ब, डोस आणि दोन तासांनंतरची शुगर लिहून त्यांना दाखवली, त्यावरून त्यांनी रेशो बदलून दिला.

---

रत्नांग्री_माहेर

बाबांनी छान सांगितलंय, फक्त एक राहिलं. आमच्याकडे उकडा तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून पेज वेगळी काढतात. असा वेळलेला भात असेल तर वरचा हिशोब थोडा चुकतो, कारण बराच स्टार्च पेजेबरोबर जातो. मग १५६ मधले काही भातात आणि काही पेजेत. पेज पण पिणार असेल तर तिचेही धरायला लागणार. लहान मुलीसाठी सुरुवातीला तरी पाणी पूर्ण आटवूनच भात करा, हिशोब सरळ राहतो.

---

अंदाजपंचे

एवढं सगळं रोज करायचं? आमच्या आईने आयुष्यभर हाताच्या अंदाजाने स्वयंपाक केला. एक ठरावीक वाटी ठेवा आणि तीच वापरा, विषय संपला. मुलीच्या डोक्यावर सारखा काटा ठेवला तर ती जेवायलाच घाबरेल.

---

सहा_वर्षं_टाइपवन_बाबा

दादा, तुमचा दुसरा मुद्दा खरा आहे आणि तो मी मनापासून मान्य करतो. म्हणून आम्ही काटा ताटाशी आणत नाही. ओट्यावरच वाटी भरून वजन करून ताट वाढतो, मुलाला दिसतं ते नेहमीचं ताट. वाटीचं मात्र जरा ऐका. तुमच्या आईंचा अंदाज चांगलाच असेल, पण अंदाजात २० ग्रॅम कार्ब चुकले तर आपलं शरीर सांभाळून घेतं, या मुलांचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, बाहेरून दिलं तेवढंच. एकच वाटी ठेवली तरी ती आज मोकळी भरली आणि उद्या दाबून भरली की चुकलं. वर ताईंनी हेच तर अनुभवलंय.

---

डबेवाली_ताई

मी घरगुती डबे देते, रोज साताठ किलो तांदूळ शिजतो, तर माझा अनुभव सांगते. १ किलो कच्च्या तांदळाचा पावणेतीन किलोच्या आसपास भात होतो, कोलम असो की बासमती वजनात फार फरक नाही. आकारात मात्र केवढा फरक! बासमतीचं पातेलं काठापर्यंत येतं आणि तेवढ्याच इंद्रायणीचं पाऊण पण भरत नाही. आधी मी डबे डावाने भरायचे, त्यात व्हायचं काय की पहिल्या पंधरा डब्यांत गरम मोकळा भात जायचा आणि शेवटच्या डब्यांत पातेल्याच्या तळचा बसलेला भात, डाव तेवढेच पण शेवटचे डबे जड. मग तांदूळ संपला की काय झालं हे कळायचं नाही. आता काट्यावर २०० ग्रॅम भरते. एका काकांना पण शुगर आहे, त्यांच्या डब्यावर मी भाताचं वजन लिहून देते, त्यांना फार बरं वाटतं.

आणि ताई, फ्रिजमधला भात सकाळी फोडणीला टाकलात तर परतलेल्या भाताच्या वजनावर जाऊ नका, रात्रभरात सुकतो आणि परतताना अजून पाणी उडतं. कार्ब तेवढेच, वजन कमी. फ्रिजमध्ये ठेवायच्या आधी जो भात मोजाल त्याचेच कार्ब धरा.

---

नाशिकची_आज्जी

बाळा, तुझं पत्र वाचलं, मुलीला माझा आशीर्वाद. मी ७८ वर्षांची आहे, नातवाने टायपिंग शिकवलंय, चूकभूल माफ कर.

आमच्या वेळी धान्य मापानेच मोजायचे. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पण ते सगळं कोरड्या धान्याचं. माप भरायचं तेही ठरलेलं असायचं, वर शीग लावून की हात फिरवून सपाट, आणि घेताना जसं भरलं तसंच परत देताना भरायचं, यावरून बायकांची भांडणं व्हायची. कोरडा दाणा मापात दर वेळी सारखाच बसतो म्हणून ते चालायचं. शिजलेला भात कुणी मापाने दिला घेतला असं मी कधी पाहिलं नाही. पंगतीला किती लागेल ते पण कच्च्या तांदळावरच ठरायचं. तेव्हा तुला काटा नसेल अशा ठिकाणी, प्रवासात वगैरे, कच्चा तांदूळ वाटीने सपाट मोजून मुलीपुरता वेगळा शिजवून घे, तो सगळा तिने खाल्ला की हिशोब झाला. माझी आई आजाऱ्यासाठी असाच वेगळ्या लहान गंजात भात लावायची.

---

आकडेमोड

आज्जींनी लाखमोलाचं सांगितलं. कच्चा तांदूळ १ मिलीला साधारण ०.८ ग्रॅम भरतो आणि जातीप्रमाणे त्यात फरक थोडाच पडतो. म्हणजे ५० मिली कच्चा तांदूळ सपाट मोजला की ४० ग्रॅम, म्हणजे ३१ ग्रॅम कार्ब. मग तो मोकळा शिजू दे नाहीतर गिचका होऊ दे, आकडा तोच.

---

पिंपळेगुरव_आई

सगळ्यांचे किती आभार मानू. शनिवार रविवार बसून सगळं करून बघितलं, इथे लिहिते म्हणजे अजून कुणाला उपयोग होईल.

आमची छोटी वाटी पाण्याने १५२ मिलीची निघाली. त्यात कोलमचा भात भातवाढीने मोकळा भरून वरून सपाट केला तर १०४ ग्रॅम. तोच भात दाबून मूद पाडली तर १३३. एकाच कुकरमधला भात, एकच वाटी, पाच मिनिटांच्या अंतराने, आणि २९ ग्रॅमचा फरक! मला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून तीनदा केलं. मग बाबांच्या पद्धतीने कुकर मोजला, १५० ग्रॅम तांदूळ, भात ४१८ ग्रॅम, आकडा ०.२८. म्हणजे जूनमध्ये त्या वाटीत २९ कार्ब होते आणि मी ४५ चं इन्सुलिन दिलं होतं.

सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्यांना खूप वाईट वाटलं, माझ्या मुदीमुळे झालं का असं विचारत होत्या, मी म्हटलं आई तुमची मूद नाही, माझा हिशोब चुकला. त्यांनी काय करावं, दिरांबरोबर ती पितळी वाटीच पाठवून दिली आणि सोबत चार किलो इंद्रायणी. वाटी २०५ मिलीची आहे. तांदूळ लावला, १५० चे ४३० ग्रॅम झाले, म्हणजे ०.२७. मूद पाडली तर १८४ ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅम कार्ब! मी २८ धरले होते, २२ ग्रॅम हिशोबातच नव्हते, २९४ का आली ते आता कळलं.

आज दुपारी ओट्यावरच १२० ग्रॅम भात मोजला, कोलमचा, ३४ कार्ब, आणि वरण कोशिंबिरीचे ११, मिळून ४५. बरोबर ३ युनिट. लिंबू तूप घालून पोटभर जेवली. दोन तासांनी १३८. वहीत लिहिताना हात थरथरत होता माझा.

एक शेवटचं विचारते, सोमवारी शाळेच्या डब्यात तिला दहीभात हवाय. तो कसा मोजायचा? आणि डबा संपवला नाही तर?

---

सहा_वर्षं_टाइपवन_बाबा

१३८ वाचून फार आनंद झाला ताई, लेकीला शाबासकी सांगा.

दहीभाताला आधी नुसता भात मोजा आणि त्याचे कार्ब लिहून ठेवा, मग दूध दही घाला. दुधाचे १०० मिलीला साधारण ५ धरतो आम्ही, दह्याचे थोडे कमी. कालवून झाल्यावर पूर्ण डब्याचं वजन घ्या, रिकाम्या डब्याचं वजा करून. समजा १०० ग्रॅम भात, म्हणजे २८, आणि १०० मिली दूध दही मिळून ५, असे २०० ग्रॅम दहीभातात ३३. डब्याच्या झाकणावर चिठ्ठी लावा, "पूर्ण ३३, अर्धा १७", म्हणजे शाळेतल्या बाईंना पण कळेल. घरी आल्यावर उरलेला डबा काट्यावर ठेवला की किती खाल्लं ते समजतं. आणि कमी खाल्लं तर लगेच काय द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांकडून लेखी घेऊन त्याच चिठ्ठीमागे चिकटवा, ग्लुकोजची पुडी दप्तराच्या पुढच्या खणात.

---

नाशिकची_आज्जी

दहीभातात दूध जास्त घाल आणि विरजणाएवढंच दही, म्हणजे दुपारपर्यंत आंबट होत नाही.